दोन स्टेशनांच्या मधे

वडगावातल्या आमच्या शेडमधे आठ माग होते.
माणसाचा शब्द तिथं कुणाला ऐकू यायचा नाही.
आम्ही ओठ वाचायचो.
जिनव्वा कन्नडात, मी मराठीत,
कांडी संपली, धागा तुटला, चहा आला
एवढ्यावर बावीस वर्षं निघाली.

मग मालकानं माग भंगारात घातले.
किलोवर गेले. काटा रस्त्यातच लावलेला.

त्या रात्री मी अंथरुणात उठून बसले.
"कुणीतरी कुकर गॅसवर ठेवून विसरलंय."
भरमाण्णा स्वयंपाकघरात जाऊन आला.
"गॅस बंद हाय. काय ऐकू येऊलालंय तुला?"

शिटी डाव्या कानात होती.

थोरल्या जावेनं तेलात लसूण करपवला,
तेल निवलंय का ते बोट बुडवून बघितलं.
तिचं बोट मागावर घट्टे पडलेलं,
त्याला काय कळणार.
मी ओरडले ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं,
शिटीनं मात्र आपलं सोडलं नाही.
येळ्ळूरच्या मावशीनं रुईचं पान तूप लावून शेकलं.
शेजारणीनं कांदा ठेचला. मग तुळस.
मेडिकलवाल्यानं पिवळ्या गोळ्या दिल्या महिनाभर,
लघवी पिवळी झाली.
सकाळी उशीवर डाग असायचा,
सगळ्यांची माया
कानातून गळून तिथं सांडलेली.

मेळवंकी डॉक्टरबाईंनी कान कोरडा केला, आत बघितलं.
"तेल फोडणीत घाला. हितं नको."
मग विचारलं, "किव्याग एन् केळस्तैती?"
वाक्य पुरं व्हायच्या आधीच मला त्यांच्या ओठांवर दिसलं.
रातकिडा म्हणू की शिटी?
कानातल्या ह्या आवाजाला ना मराठी येतं ना कन्नड,
फॉर्मवर त्या रकान्यात मी नुसती रेघ मारली.

काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन.
आवाज आला की बटण दाबायचं.
बारीक आवाज आला. त्यांचा का माझा?
मी दोन्हींना बटण दाबलं.
बाहेरची पोरगी हसली, पुन्हा पहिल्यापासून लावलं.

कागदावरची रेघ बरीच लांब सरळ गेली
आणि एका जागी विहिरीत उतरल्यासारखी खाली.
"जिथलं ऐकू येणं गेलंय," बाई म्हणाल्या,
"तिथं मेंदू आपणच आवाज भरतो."
म्हणजे माग गेले तरी कुणीतरी हजेरी लावूलालंय.
"गोळी?"
"ह्याला गोळी नाही."
एवढं सरळ मला वर्षभरात कुणी सांगितलं नव्हतं.
मशीन लावता येईल, पैसे जमले की या.
दुपारनंतर चहा नको.
आणि चिडीचूप खोलीत झोपू नका,
उशाशी काहीतरी बारीक वाजत राहू दे.

पंखा लावला, तर थंडीत भरमाण्णा खोकतो.
योगवाल्या पोरीनं भुंग्यासारखं गुणगुणायला शिकवलं,
दहा मिनिटं दोन भुंगे. बरं वाटतं,
खरं रात्रभर कोण गुणगुणणार?

शेवटी माळ्यावरचा रेडिओ काढला.
काटा फिरवत गेले. धारवाड. पुढं सांगली.
दोन्हींच्या मधे बोटभर जागा आहे,
तिथं कुणीच बोलत नाही,
नुसती खरखर. लांब कुठंतरी
सूत गुंडाळत असल्यासारखी.
शिटी त्यात गेली नाही. बसली.
गर्दीच्या बसमधे एखादी
कडेला जागा धरून बसते तशी.

पहाटे भरमाण्णा काटा सरकवतो,
त्याला बाजारभाव ऐकायचे असतात.
तो उठून गेला की मी परत आणते,
अर्धं बोट मागं. अजून थोडं.
आता.